पाणवठा आणि राज्यसंस्था

जी सत्ता माणसाकडून कर वसूल करते, त्याला तुरुंगात टाकते आणि प्रसंगी त्याच्यावर शस्त्रही चालवते, तिला हा अधिकार कोणी दिला आणि कशासाठी दिला, हा राज्यशास्त्रातील मूळ प्रश्न आहे. अंगी बळ असणे वेगळे आणि ते वापरण्याचा नैतिक हक्क असणे वेगळे. या हक्कालाच राज्यसत्तेची अधिमान्यता म्हणतात. हॉब्जने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ या ग्रंथात तिचा उगम परस्परांच्या भीतीत दाखवला, तर पुढे लॉकने तो जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणात शोधला. माणसांनी आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग आपखुशीने राज्याच्या हवाली केला, अशी ही कल्पना असून तिला सामाजिक करार असे नाव आहे.

या कल्पनेत एकीकडे सुटी माणसे आणि दुसरीकडे राजा, एवढेच दोन पक्ष आहेत. भारतीय समाजात मात्र या दोहोंच्या मध्ये जात, गावकी आणि भावकी ही तिसरी सत्ता कायम उभी राहिली. तिच्याजवळ शिपाई नव्हते, लिहिलेला कायदा नव्हता, तरी ती दंड बसवी आणि वसूलही करी. तिची सर्वांत कठोर शिक्षा म्हणजे माणसाला वाळीत टाकणे: त्याच्या घरी कोणी जेवायला जायचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, मुलीला स्थळ आणायचे नाही आणि घरात मयत झाले तर खांदा द्यायचा नाही. मिलने १८५९ च्या स्वातंत्र्यविषयक निबंधात समाजाचा जुलूम राज्याच्या जुलमापेक्षा खोलवर पोचतो, हे अचूक ओळखले होते. पण पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत काढलेल्या या विचारवंताने मागासलेल्या म्हणून गणलेल्या समाजांना त्याच निबंधात स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळले, आणि हा दोष त्याच्या मोठेपणाकडे पाहून झाकणे योग्य नाही.

या तिसऱ्या सत्तेचे स्वरूप महाडच्या चवदार तळ्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे राज्याचा अडसर दूर झाला होता. बाहेरून कोणी अडवत नसणे हाच स्वातंत्र्याचा अर्थ मानला, ज्याला ऋण स्वातंत्र्य म्हणतात, तर कायद्याच्या लेखी ते मिळालेच होते. तरीही एकही अस्पृश्य माणूस त्या काठावर उतरू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यांच्यामागून हजारो माणसे ते प्याली, तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. त्याची किंमत तत्काळ मोजावी लागली: महाडला परिषदेसाठी जमलेल्या अस्पृश्यांना मारहाण झाली, तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेण्यात आले आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

यापुढचा भाग राज्यसत्तेच्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारखा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला असता तळे खासगी असल्याचा दावा करून विरोधकांनी न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो माणसे जमली होती, अपमान ताजा होता, तरी आंबेडकरांनी तो हुकूम पाळला आणि लढा न्यायालयात नेला. गावकीच्या हुकमाला आव्हान देता येत नाही, न्यायालयाच्या हुकमाला मात्र देता येते, हा दोन सत्तांमधला निर्णायक फरक त्यांनी ओळखला होता. निकालासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी पूर्वापार असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे तो निकाल सांगतो. हा निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनीच १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. एकाच न्यायाधीशाच्या हातून, एकाच साम्राज्याच्या नावाने एकदा माणूस कोंडला गेला आणि एकदा पाणी मोकळे झाले. तेव्हा राज्यसत्ता समर्थनीय आहे की नाही, हा प्रश्न सरसकट विचारून भागत नाही, ती कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वापरली गेली, हे दरवेळी नव्याने तपासावे लागते.

हा धडा संविधानात उतरला. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा उल्लेख नावानिशी आहे आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यतेचे आचरण करणाऱ्या खासगी व्यक्तीलाही बांधतो. पण त्याच संविधानातील अनुच्छेद २२ प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा सिद्ध न करता माणसाला अटकेत ठेवण्याला, वाव देतो, आणि त्या अधिकाराचे टोक १९७५ च्या आणीबाणीत देशाने सोसले. एप्रिल १९७६ मध्ये अशा स्थानबद्धांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या ह. रा. खन्ना यांनी त्यांच्या बाजूने मत दिले. समाजाच्या जाचातून सोडवणारे राज्य स्वतः जाच करू लागले, तर त्याला आवरण्यासाठी उरतो तो असा एखादा माणूस.

वाळीत टाकण्याची शिक्षा तरी संपली का, याचे उत्तर सुखद नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीला बंदी करणारा कायदा केला. तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये धार्मिक पंथाच्या स्वातंत्र्याचा भंग करतो म्हणून रद्द ठरवला, आणि समूहाच्या स्वातंत्र्याखाली व्यक्तीचे स्वातंत्र्य दबले गेले, असेच त्या निकालाविषयी म्हणावे लागते. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा नवा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून तो ३ जुलै २०१७ रोजी, चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर नव्वद वर्षांनी, लागू झाला.