बांड्या, वाघ्या, चारडोळी

सुकापुरात माणसं विंगेवरून आणि फ्लॅटच्या नंबरावरून ओळखली जातात, कुत्री अंगावरच्या डागांवरून. ‘बी विंगचे, तिसऱ्या मजल्यावरचे’ एवढ्यात माणसाचं भागतं. कुत्र्याच्या बाबतीत असं ढोबळ बोललेलं इथे चालत नाही. ‘काल रात्रभर कोण भुंकत होता हो?’ ‘तो पाठीवर खोगीर असलेला.’ ‘मिशीवाला?’ ‘छे! मिशीवाला डेअरीपाशी असतो. खोगीरवाला मेडिकलचा.’ पनवेल स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, नवीन पनवेल मागे टाकून माथेरान रोडला लागायचं, की या संभाषणाच्या टापूत आपण येतो. जवळून गाढी वाहते, समोर प्रबळगड दिसतो, आणि जिथे भातखाचरं होती तिथे आता इमारतींमागे इमारती. इमारतींना नावं बिल्डरांनी दिली आहेत, तीही बहुतेक परदेशी. कुत्र्यांना नावं ठेवायचं काम रहिवाशांकडे राहिलं आणि ते त्यांनी जास्त मन लावून केलंय.

बांड्या, कबऱ्या, चांद्या, ढवळ्या. ही नावं काही कुत्र्यांसाठी घडवलेली नाहीत, गोठ्यातून आली आहेत. ज्याच्या दावणीला जनावर असतं त्याला रंग बारकाईनं पाहावाच लागतो. चुकलेलं गुरू शोधताना खूण काय सांगणार? लातूर-उदगीरकडच्या देवणी गाईचे तर रंगावरून तीन प्रकारच मानतात. अंगभर पांढरी ती बालंक्या, अंग पांढरं पण तोंडाची बाजू काळी ती वानेरा, आणि पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे डाग ती शेवेरा. घोड्यांच्या बाजारात याहून बारीक हिशेब. काळापांढरा तो अबलख. चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी, अत्यंत शुभ, भावही त्याच हिशेबानं. आमच्या मटणाच्या दुकानासमोर बसणाऱ्या एका काळ्या कुत्रीला नेमक्या त्याच पाच जागी पांढरं आहे. तिला पंचकल्याणी म्हणायचं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही. तिचं नाव ‘मोजे’. शुभलक्षण ठरायला आधी अंगावर जीन पडावं लागतं.

हिला एकदा नीट बघावं. दुपारी शटर अर्धं खाली असतं तेव्हा ती फळीच्या सावलीत पाय पसरून पडलेली असते, आणि तेव्हा पोटाकडचा सगळा हिशेब उघडा होतो. पाठ काळी कुळकुळीत. काळा रंग दोन्ही कुशींवरून खाली येतो आणि पोटाशी येता येता विरतो. छातीवर पांढरा चट्टा, त्याची कड फाटलेल्या कागदासारखी नाही, तर एकेक काळा केस पांढऱ्यात घुसलेला आणि पांढरा काळ्यात. पुढच्या पायांचे पंजे पांढरे, पण डाव्या पंज्याचं एक बोट काळं राहिलंय. शेपटीचं टोक पांढरं. पांढऱ्या बोटांची नखं गुलाबीसर, त्या एका काळ्या बोटाचं नख काळं.

या पांढऱ्याचं कारण तिच्या जन्माच्या आधीचं आहे. केसांना रंग देणाऱ्या पेशी गर्भात सगळीकडे एकदम तयार होत नाहीत. त्या पाठीच्या कण्यालगत जन्मतात आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली, पुढे, मागे निघतात. पंजे, छाती, पोट, शेपटीचं टोक, कपाळ ही सगळी मुक्कामाची लांबची ठिकाणं. आपल्याकडे भाताच्या लावणीत आवण कमी पडलं की बांधालगतचा पट्टा मोकळा राहतो, तसं होतं. या पेशी हळू चालतात, वेळेत पोचत नाहीत, असं बरीच वर्षं मानलं जाई. २०१६ मध्ये बाथ आणि एडिंबरा इथल्या संशोधकांनी उंदरांवर काम करून दाखवलं की चालण्यात खोट नाही. संख्या पुरेशी वाढत नाही, म्हणून जागा मोकळ्या राहतात. आणि त्या चालतात त्याही ठरलेल्या वाटेनं नव्हे, वाट फुटेल तशा. म्हणून एकाच आईबापाच्या, एकाच दिवशी जन्मलेल्या दोन पिल्लांचे डागही कधी जुळत नाहीत. ‘मोजे’चं ते एक काळं बोट कुठल्याही जनुकात लिहून ठेवलेलं नव्हतं. दोनचार पेशी तिकडे भरकटल्या, एवढंच.

माणसाळलेल्या जनावरांनाच हे पांढरे डाग इतके का, हा प्रश्न जुना आहे. सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ दमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. निवड फक्त स्वभावावरून करायची. जे माणसाला कमी घाबरतात त्यांचीच पुढे पैदास. काही पिढ्यांत शेपट्या हलवणारे कोल्हे निघाले आणि त्यांतल्या काहींच्या कपाळावर पांढरी चांदणी उमटली. पुढे लुदमिला त्रुत यांनी हे काम अनेक दशकं चालवलं. भीती आणि रंग या दोहोंची नाळ गर्भातल्या एकाच पेशीसमूहाशी जोडलेली असावी, असा तर्क २०१४ मध्ये मांडला गेला. तो मोहात पाडणारा आहे. पण ते कोल्हे मुळात कॅनडातल्या पाळीव वंशातले होते आणि तसले डाग तिथल्या कोल्ह्यांत आधीपासून दिसत, असा आक्षेपही नंतर आला. तेव्हा चांद्या दिसला की तो गरीबच असणार असं समजून हात पुढे करू नये. आमचा चांद्या कुरिअरवाल्यांच्या पोटऱ्या ओळखून आहे.

जुना गावठी कुत्रा पाहायचा तर अजून नेऱ्याच्या बाजूला पाड्यांवर दिसतो. तांबूस-बदामी अंग, ताठ कान, वळलेली शेपटी. हा पिवळट-तांबडा रंग आपण इतका साधा धरतो की त्याला नावही ठेवत नाही, ‘लाल्या’ म्हणून मोकळे होतो. पण २०२१ मध्ये कुत्र्यांच्या रंगांचा जनुकीय इतिहास तपासला गेला तेव्हा पिवळ्या रंगाच्या एका प्रकाराचं मूळ आजच्या लांडग्यांपासून वीस लाखांहून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, आता नामशेष झालेल्या प्राण्यापर्यंत गेलं. काळ्याची गोष्ट तर उलटीच. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांचा काळा रंग त्यांचा स्वतःचा नाही, तो पूर्वी कधीतरी कुत्र्यांशी झालेल्या संकरातून त्यांच्याकडे गेलाय. ज्या जनुकामुळे कुत्रा असा काळा होतो, त्याच्या कुळातल्या बाकीच्या जनुकांचं नेहमीचं काम रोगजंतूंशी लढण्याचं. वाघ्याच्या अंगावरचे पट्टेही याच जनुकाच्या ठाण्यावरचे. म्हणजे सुकापूरच्या नाक्यावर पाव खात उभा असलेला लाल्या खानदानी, आणि रानातला काळा लांडगा मिश्र रक्ताचा! सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘प्युअर ब्रीड’वरून बोलणाऱ्यांना हे एकदा सांगायला हवं.

कारण इथल्या रस्त्यावर लाल्याखेरीज जे काही दिसतं त्यातलं बरंचसं त्यांच्याच घरांतून उतरलंय. फ्लॅट घेतला, लॅब्रेडॉर आणला. बदली झाली, बाळ झालं, घरमालकानं नाही म्हटलं, की एका पहाटे तो लॅब्रेडॉर नदीकडच्या रस्त्यावर. पट्ट्याचा गळ्यावरचा वळ तसाच असतो. पॉमेरेनियन, स्पिट्झ, एकदा तर निळ्या डोळ्यांचा हस्की, कोकणाच्या उकाड्यात जीभ जमिनीला टेकवून बसलेला. मग भाद्रपद येतो. भाद्रपदात काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. कुत्रीच्या एका वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं असू शकतात, त्यामुळे दिवाळीनंतर सिमेंटच्या पाइपातून जी पलटण बाहेर येते तिच्यात एक तांबडं गावठी, एक झुबकेदार शेपटीचं, एक वाघ्या आणि एक असं, की ज्याचा एक डोळा निळा. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेले काका लोक बापांची नावं सांगतात. पिल्लं बघायची आणि त्या वर्षी कुणाकुणाचे मालक गाव सोडून गेले ते ओळखायचं.

या पलटणीत काळ्या अंगाचं, पण दोन्ही डोळ्यांवर बदामी ठिपके असलेलं एखादं असतंच. ही चारडोळी. झोपली तरी वरचे दोन डोळे उघडे वाटतात, म्हणून रात्रीच्या वॉचमनची लाडकी. त्याच्यापुरती तीच ड्यूटीवर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात यमाच्या वाटेवर पहारा देणारे जे दोन सारमेय आहेत, ते चार डोळ्यांचे आणि चितकबरे सांगितलेत. पारशांच्या सगदीद या विधीत मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवतात, आणि त्यासाठीही असा चार डोळ्यांचाच कुत्रा चांगला समजतात. दोन ठिपक्यांनी केवढी मजल मारली! हे ठिपके म्हणजे काळा रंग पोचला नाही अशी जागा नव्हे. तिथे रंगपेशी आहेतच, फक्त त्या जागेला त्यांना काळ्याऐवजी तांबडा रंग बनवायचा निरोप मिळतो.

मांजरांचा कारभार वेगळा आहे. संध्याकाळी मासळीवाली पाटी घेऊन बसते तिथे पांढरी, काळी आणि नारिंगी अशी तीनरंगी मांजर हजर असते. ती मादी आहे हे शेपटी न उचलता सांगता येतं. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत एक्स दोन, आणि गर्भाच्या सुरुवातीलाच प्रत्येक पेशी त्यातलं एक मिटवून टाकते, कुठलं ते त्या त्या पेशीच्या नशिबावर. ही गोष्ट ब्रिटिश संशोधक मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. एका पेशीच्या वंशजांचा पट्टा नारिंगी, शेजारणीच्या वंशजांचा काळा. तीनरंगी बोका क्वचित निघतो, त्याच्याकडे बहुधा एक एक्स जास्तीचं असतं. ते नारिंगी जनुक नेमकं कुठलं, हे मात्र जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये छापून आणेपर्यंत कळलेलं नव्हतं. आणि सगळं कळूनही उपयोग काय? टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डिसेंबर २००१ मध्ये जगातली पहिली क्लोन मांजर जन्मली, सीसी नावाची. जिच्यावरून ती केली ती रेनबो तीनरंगी होती. सीसीच्या अंगावर नारिंगीचा एक केस नव्हता. जनुकं तंतोतंत तीच, मिटलेलं एक्स तेवढं आधीच ठरून आलेलं.

रंगाच्या बाबतीत माणसानं थेट हात घातला ती घटना इथून फार लांब घडलेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत निळी कुत्री फिरताना दिसली. फोटो जगभर गेले. रंगाचा एक कारखाना कासाडी नदीत आपलं सांडपाणी सोडत होता, कुत्री त्यात उतरत होती. तक्रारी झाल्या, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं तो कारखाना बंद करायला लावला. पंचतंत्रातला चंडरव कोल्हा रंगाऱ्याच्या पिंपात पडून निळा झाला आणि त्यानं निदान काही दिवस राज्य तरी केलं. तळोज्याच्या कुत्र्यांना कुणी मान दिला नाही. मला त्या फोटोंत निळ्या रंगापेक्षा वेगळीच गोष्ट टोचली होती. बांड्या कुठला, लाल्या कुठला, काही कळत नव्हतं. कंपनीच्या गेटवरच्या चहावाल्यालासुद्धा आपला कुत्रा हाक मारूनच ओळखावा लागला असेल.

आता बाजारात ‘युनिक कलर’ नावाचं एक खूळ आहे. राखाडी अंगावर शाई सांडल्यासारखे तुकडे असलेला मर्ल नावाचा रंग, डोळे निळे, भाव चढा. तसल्या दोघांची जोडी लावली की काही पिल्लं जवळजवळ पांढरी निघतात आणि त्यांतली कित्येक बहिरी, आंधळी असतात. आतल्या कानाला ऐकण्यासाठी याच रंगपेशी लागतात. त्या तिथे नसल्या की कान बहिरा. पैदास करणाऱ्याला हे माहीत असतं. घेणाऱ्याला पिल्लू हाकेला ओ देत नाही तेव्हा कळतं, आणि मग पुन्हा तो नदीकडचा रस्ता.

यंदा ‘मोजे’ उशिरा व्याली, नसबंदीच्या ऑपरेशनवाल्यांची गाडी येण्याआधीच. तीन तांबडी, एक वाघ्या, एक पांढरं. तांबडी सारखी दिसतात म्हणून पोरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, वाघ्याला रिक्षावाला घेऊन गेला. पांढऱ्याच्या नाकाचा शेंडा अजून गुलाबी आहे आणि पाठीवर शेपटीच्या मुळाशी एकच काळा डाग. तो महाराष्ट्राच्या नकाशासारखा आहे, असं ए विंगच्या काकांचं म्हणणं. बी विंगला तो आंबा वाटतो. नाव त्यावर अडलंय. मासळीवालीला विचारलं, ‘मावशी, तुम्ही काय म्हणता?’ तिनं बोंबलांवरचं फडकं बाजूला केलं, पिल्लाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘नकशा नाय नि आंबा नाय. कान वाजवून बघा आधी, आयकतंय का.’ काकांनी टाळी वाजवली. पिल्लानं मान वळवली, पण बोंबलांकडे. टाळीमुळे की वासामुळे, यावर आता दोन्ही विंगांचं पुन्हा जुंपलंय.