अठ्ठावन्न यार्ड

माणूस कशाची आशा धरील याला काही नेम नाही. कोणी लॉटरीच्या तिकिटाची धरतो, कोणी होणाऱ्या सुनेच्या स्वभावाची धरतो, तर कोणी आपल्या गल्लीतला रस्ता यंदा तरी नीट होईल अशी धरतो. मी पुण्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. चाळिशी ओलांडून बरीच वर्षे झाली आहेत आणि मैदानाशी माझा संबंध त्याच्या कडेने फिरायला जाण्यापुरताच आहे. असा मी २०२५ च्या मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत 'शिकागो बेअर्स' या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नव्या चढाईची आशा धरून बसलो होतो, हे आमच्या स्टाफरूममध्ये कोणाला खरे वाटत नाही. तुम्हालाही वाटणार नाही. पण हकीकत ऐका.

माझी धाकटी बहीण शिकागोजवळ नेपरव्हिल या उपनगरात राहते. त्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. भाचा सोळा वर्षांचा. माझ्या आईचे, म्हणजे त्याच्या आजीचे, त्याच्याशी फोनवर होणारे संभाषण गेली काही वर्षे तीन वाक्यांवर येऊन ठेपले होते. "कसा आहेस?" "बरा आहे." "जेवलास का?" पुढे दोन्हीकडे शांतता, आणि मग आई फोन माझ्या हाती देऊन स्वयंपाकघरात जाई. ती तिथे काही करत नसे. नुसती ओट्याशी उभी राही.

"दादा, महिनाभर आहेस तर त्याला थोडं मराठी बोलतं कर," असे बहिणीने पहिल्याच दिवशी सांगितले. मी आठ दिवस प्रयत्न केले. गोष्टी सांगितल्या, म्हणी सांगितल्या, कोडी घातली. स्वारी हसून मान डोलावी आणि आपल्या खोलीत निघून जाई. नवव्या दिवशी त्याच्या खोलीत भिंतीवर १८ नंबरचा निळा सदरा टांगलेला दिसला. हा कोण, असे मी सहज विचारले. "केलेब विल्यम्स," तो म्हणाला, आणि मग जो सुरू झाला तो थांबेचना! मी एकच अट घातली. सगळे मराठीत सांगायचे.

खेळ मुळात सोपा आहे. ज्या संघाकडे चेंडू, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू सहसा दुसऱ्यांकडे. मौज अशी की पुढे नेणारे गडी वेगळे आणि अडवणारे वेगळे. एकाच संघात दोन बिऱ्हाडे. यातल्या पहिल्या बिऱ्हाडाला 'ऑफेन्स' म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणावे यावर आमचे अडले. 'आक्रमण' त्याला पटेना. शेवटी पुण्याला फोन लावला, तेव्हा आईनेच शब्द दिला. तिचे धाकटे भाऊ हुतुतू खेळत. "चढाई म्हण की! जाऊन परत यायचं असतं का रे त्यात?" "नाही आजी, परत नाही यायचं." "मग सोपंच आहे," आई म्हणाली. त्या दिवशी तिने फोन माझ्या हाती दिला नाही.

शिकागोची ख्याती बचावाची. १९८५ च्या हंगामात त्यांच्या बचावाने भल्याभल्यांना धूळ चारली आणि जानेवारी १९८६ मध्ये सुपर बोलचा अंतिम सामना ४६-१० असा जिंकून दिला. त्यानंतर तो चषक त्या गावाला पुन्हा मिळालेला नव्हता. पण बचावाचा अभिमान मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आपल्याकडे काही घरे असतात ना, तिथे कमाईचा विषय निघाला की काटकसरीच्या गोष्टी सांगतात, तसे काहीसे. खर्च कसा वाचवला हे खुशाल ऐकावे, पण घरात पैसा आणतो कोण?

आणि गंमत पाहा, एके काळी नवी चढाई म्हणजे काय हे साऱ्या अमेरिकेला याच संघाने दाखवले होते. १९४० च्या डिसेंबरात अंतिम सामना वॉशिंग्टनशी होता. तीनच आठवड्यांपूर्वी त्याच वॉशिंग्टनने बेअर्सना ७-३ असे हरवले होते. या वेळी बेअर्सनी आपली 'टी' आकाराची मांडणी अशी काही चालवली की कोण कुठून येतो आहे हे समोरच्यांना कळेना! चेंडू सुटण्यापूर्वीच एक गडी आडवा धावत सुटे, नजरा त्याच्यामागे जात आणि चेंडू तिसरीकडेच. निकाल ७३-०. त्या व्यावसायिक लीगमध्ये एवढ्या फरकाचा विजय पुढे पंच्याऐंशी वर्षांत कोणाला साधला नाही. त्याच घराण्याची पुढे अशी अवस्था झाली की, लीगमधल्या ३२ संघांपैकी ज्याच्या एकाही क्वार्टरबॅकने एका हंगामात चेंडू फेकून ४००० यार्ड मिळवले नाहीत असा बेअर्स हा एकटाच संघ उरला. त्यांचा विक्रम होता ३८३८ यार्डांचा. तो १९९५ सालचा, भाच्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा.

२०२४ साली पहिल्या क्रमांकाने निवडलेला केलेब विल्यम्स संघात आला, तेव्हा आता दिवस पालटणार असे सर्वांना वाटले होते. पहिल्या सहांपैकी चार सामने जिंकलेही. मग वॉशिंग्टनमध्ये, वेळ संपत असताना विरुद्ध संघाने हवेत उंच भिरकावलेला चेंडू कोणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि नेमका त्यांच्याच गड्याच्या हातात पडला. तिथून सलग दहा पराभव. नोव्हेंबरात आधी चढाईचा शिक्षक गेला, मग मुख्य प्रशिक्षक गेला. हंगामाच्या मध्यावर मुख्य प्रशिक्षकाला नारळ देण्याची त्या जुन्या संघाची ही पहिलीच वेळ. १७ पैकी १२ सामने हरून वर्ष संपले. विल्यम्सला त्या हंगामात चेंडू हातात असताना ६८ वेळा पाडण्यात आले. हा आकडा भाच्याने आजीला सांगितला मात्र, पलीकडून आवाज आला, "अडुसष्ट वेळा? आणि त्याच्या आईनं बघितलं हे?" त्या क्षणापासून आईच्या लेखी या खेळात एकच हिशेब उरला. जिंकले कोण, हे ती नंतर विचारी. आधी विचारी, "आज किती वेळा पाडलं?"

जानेवारी २०२५ मध्ये बेअर्सनी बेन जॉन्सनला मुख्य प्रशिक्षक नेमले. हा गणित आणि संगणकशास्त्र शिकलेला गृहस्थ. जन्मवर्ष १९८६, म्हणजे शिकागोने चषक उचलला तेच साल. यापूर्वी तो डेट्रॉइटची चढाई आखत असे आणि २०२४ मध्ये त्या संघाने लीगमध्ये सर्वांत जास्त, ५६४ गुण केले होते. त्याच हंगामातल्या डिसेंबरात शिकागोच्याच मैदानावर त्याने एक डाव खेळवला. त्यात डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक ठेचकाळल्यासारखा झाला आणि शेजारचा धावपटू चक्क जमिनीवर पडला. बेअर्सचे बचावपटू चेंडू सुटला असे समजून धावले, तोवर क्वार्टरबॅकने सावकाश उभे राहून चेंडू मोकळ्या गड्याकडे फेकला होता. पडणे हेच सोंग! त्या दिवशी भाच्याने टीव्ही बंद केला होता. "आणि महिन्याभरात तोच माणूस आमचा," तो आजीला म्हणाला. "म्हणजे विभीषणच की रे," आई म्हणाली. मग विभीषण कोण हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला, आणि बाळ, तुझ्या आईने तुला रामायण सांगितले नाही का, या प्रश्नावर बहिणीला फोनपाशी यावे लागले.

मला स्वतःला या प्रकरणाची खरी गोडी लागली ती एका वेगळ्याच कारणाने. प्रत्येक डावापूर्वी प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातल्या छोट्या रेडिओतून येतो. घड्याळावर ४० सेकंद असतात. १५ उरले की तो आवाज बंद होतो. तेवढ्यात त्याने डावाचे नाव ऐकायचे, गड्यांच्या कोंडाळ्यात एका दमात तसेच्या तसे म्हणायचे, आणि सर्वांना जागेवर न्यायचे. हे नाव म्हणजे लांबलचक समास असतो! आरंभी मांडणी कोणती, मग आधी कोण आडवा धावणार, मग राखणाऱ्यांनी कोणाला अडवायचे, मग झेलणाऱ्यांच्या वाटा, आणि शेवटी कितव्या हाकेला चेंडू सुटणार. एक पद विसरले की अकरा माणसे अकरा दिशांना. जॉन्सनचे समास भारी लांब असतात, असे भाचा म्हणे. आम्ही दोघे रात्री बसून कागदावर असे समास जुळवत असू आणि मी त्यांचा विग्रह करीत असे. वर्गात ज्या विषयाने मुले पेंगतात त्याच विषयावर हा पोरगा रात्री बारापर्यंत जागा राही. 'बहुव्रीही' हा शब्द त्याने बहिणीच्या देखत वापरला तेव्हा तिने माझ्याकडे असे काही पाहिले की विचारू नका.

समासाबरोबर भिंतही नवी होती. क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या फळीत मधली तीन माणसे दुसऱ्या संघांतून आणली होती: जो थूनी, ड्रू डालमन आणि जोना जॅक्सन. थूनीचे नाव आईने पाठ केले होते. "तो मधला दांडगा आहे ना, मग काळजी नाही," असे ती त्याला न पाहताच म्हणे.

मी जूनमध्ये परतलो. दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, भाच्याचा फोन येऊ लागला. माझ्याशी पाच मिनिटे आणि आजीशी पाऊण तास. हंगाम सुरू होण्यापूर्वीचे हे दिवस पाडव्याच्या पंचांगश्रवणासारखे असतात. पाऊस किती आढक पडणार ते ऐकायचे आणि मान डोलवायची. पडतो किती हे कोण मोजतो? या दिवसांत कोणाचाच पराभव झालेला नसतो. नवीन मुलगा भराभर धावतो, जुना गडी वजन उतरवून आलेला असतो. सरावाच्या बातम्या खरे तर तितक्या गोड नव्हत्या. कोंडाळे वेळेत सुटत नाही, चुका होतात, प्रशिक्षक रागावतो. पण आशेला अशा बातम्यांचेही खतच होते. "बरंय, आत्ताच चुका होताहेत," असे आम्ही तिघेही म्हणत असू.

ऑगस्टात सरावाचे सामने असतात. आपल्या रंगीत तालमीसारखे; निकाल जमेस धरत नाहीत. १७ ऑगस्टला बफलोशी सामना होता, आपल्याकडे १८ तारखेची पहाट. भाच्याने आपल्या टीव्हीसमोर फोन उभा करून ठेवला आणि आई शाल पांघरून माझ्या शेजारी बसली. विल्यम्सने पहिल्याच चढाईत ९२ यार्ड पार करून संघाला गोलरेषेपलीकडे नेले. सामना ३८-०! बफलोने आपले बिनीचे गडी बसवून ठेवले होते हे मला ठाऊक होते, भाच्यालाही होते. पण रंगीत तालमीत टाळ्या पडल्या तर नटाने काय कान बंद करून घ्यावेत?

८ सप्टेंबरला हंगाम उघडला. चौथ्या पर्वात १७-६ अशी आघाडी असताना बेअर्स मिनेसोटाकडून २७-२४ असे हरले. पुढच्या रविवारी जॉन्सनच्या जुन्या घरी, डेट्रॉइटला, ५२-२१. विभीषणाची लंकेत अशी पूजा झाली.

आणि फोन बंद झाला. एक रविवार गेला. आईने काही विचारले नाही, फक्त जेवणानंतर बराच वेळ बाहेरच्या खोलीत बसून राहिली. मला त्या संघाचा खराखुरा राग आला. बावन्न गुण देता म्हणजे काय? तुम्हाला कल्पना तरी आहे का, सदाशिव पेठेत कोण तुमच्या भरवशावर बसले आहे? बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "दादा, खोलीतून बाहेर येत नाहीये. वय आहे ते."

चार दिवसांनी आईच म्हणाली, "मला फोन लावून दे." लावला. तिने 'कसा आहेस' विचारले नाही, 'जेवलास का' विचारले नाही. म्हणाली, "काय रे, फार पाडलं का त्याला?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बारीक आवाजात, "नाही आजी. गेल्या वर्षीइतकं नाही." "मग झालं तर. भिंत उभी आहे. घर होईल हळूहळू." मी उठून आत गेलो. बाहेर पाऊण तास बोलणे चालू होते.

पुढचे सांगायला फार वेळ नको. तिसऱ्या सामन्यात डल्लासला ३१-१४ ने हरवले आणि गाडी रुळावर आली. ११ विजय, ६ पराभव आणि आपल्या गटात पहिला क्रमांक. १० जानेवारी २०२६ ला मध्यंतराला ३-२१ असे पिछाडीवर असताना, जन्माचे वैरी ग्रीन बे यांना ३१-२७ असे हरवले, तेव्हा भाचा फोनवर जे ओरडला ते कोणत्याच भाषेत नव्हते. आठ दिवसांनी शिकागोच्या थंडीत लॉस एंजेलिसच्या रॅम्सशी गाठ पडली. शेवटच्या अर्ध्या मिनिटात विल्यम्सने बरोबरी साधली, पण वाढीव वेळात बेअर्स २०-१७ असे हरले.

मी आता पुन्हा रविवार मोजायला बसणार, तोच तासाभरात फोन वाजला. "आजीला दे," भाचा म्हणाला. आजीने आधी आपला हिशेब विचारला. हंगामाच्या सतरा सामन्यांत ६८ चे २४ झाले होते. ती खूश. मग त्याने दुसरा आकडा सांगितला. ३९४२ यार्ड. तीस वर्षांचा विक्रम मोडला, पण चार हजार काही झाले नाहीत.

"म्हणजे किती कमी पडले?"

"५८ यार्ड, आजी."

"ते किती होतात रे?"

तो थोडा अडला. मग म्हणाला, "तुझ्या दारापासून कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत. मामाबरोबर मी लहानपणी यायचो ना, तेवढं."

"एवढंच?" आई म्हणाली. "तेवढं तर मी रोज काठी टेकत जाते."

"पण आजी," पलीकडून हसू आले, "तुला मध्ये कोणी पाडत नाही!"