कार्ल जगायला हवा होता

'द वॉकिंग डेड' या कॉमिकच्या सहाव्या अंकात एक लहान मुलगा आपल्या बापाच्या जिवावर उठलेल्या माणसाला गोळी घालतो. मुलगा कार्ल, बाप रिक ग्राइम्स आणि मरणारा माणूस शेन. शेन रिकचा पोलीस खात्यातला जोडीदार आणि जिवाभावाचा मित्र. अवतीभवती झॉम्बींचा सुळसुळाट आहे, पण कथेला पहिलं निर्णायक वळण मिळतं ते एका जिवंत माणसाने दुसऱ्या जिवंत माणसाला मारल्याने, आणि मारणारा हात पोराचा असतो. पोलीस नाही, कोर्ट नाही, जाब विचारणारं कुणी नाही, अशा जगात कार्लचं बालपण सुरू होतं. एएमसी वाहिनीने ३१ ऑक्टोबर २०१० पासून हीच कथा पडद्यावर आणली तेव्हा शेनला दुसऱ्या सीझनच्या अखेरीपर्यंत जिवंत ठेवलं. त्याला रिक सुऱ्याने मारतो आणि मेल्यावर उठून उभं राहिलेल्या शेनवर कार्ल गोळी झाडतो. नाट्य म्हणून हा बदल उत्तम आहे. शेनची भूमिका करणाऱ्या जॉन बर्नथलने त्या माणसाची घुसमट इतकी नेमकी दाखवली की कॉमिकमधला शेन त्याच्यापुढे कच्चा आराखडा वाटतो. पण खुनाचं ओझं मुलाच्या खांद्यावरून बापाच्या खांद्यावर गेलं ते तिथेच. कॉमिक हळूहळू कार्लची गोष्ट होत गेलं, मालिका रिकची गोष्ट राहिली, आणि म्हणूनच पुढे मालिकेला कार्लला मारणं शक्य झालं. माझ्या मते त्या एका मृत्यूने मालिकेने आपल्या कथेचा अर्थच गमावला.

मालिकेने मूळ कथा बदलली, अशी माझी तक्रार नाही. बदलायलाच हवी होती. डॅरिल डिक्सन कॉमिकमध्ये नाहीच. तो पूर्णपणे मालिकेचा आहे आणि नॉर्मन रीडसने तो असा उभा केला की आज त्याच्याशिवाय ही कथा अनेकांना आठवतच नाही. कॉमिकमध्ये गव्हर्नर नावाचा खलनायक रिकचा उजवा हात तोडतो, मालिकेत तो शाबूत राहतो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या चित्रीकरणाचा विचार केला तर ते समजण्यासारखं आहे. कॉमिकमध्ये गव्हर्नरने रिकच्या गटातल्या मिशोनवर केलेले अत्याचार आणि तिने घेतलेला सूड ज्या तपशिलाने रंगवले आहेत, तो तपशील मालिकेने टाळला हे शहाणपणाचंच झालं. आणि कॅरल! कॉमिकमधली कॅरल आधारासाठी माणसं शोधत राहते आणि तुरुंगाच्या आवारात एका झॉम्बीला स्वतःहून चावू देऊन आयुष्य संपवते. तिची मुलगी सोफिया मात्र जगते. मालिकेने हे नेमकं उलटं केलं. दुसऱ्या सीझनमध्ये हरवलेल्या सोफियाला सगळे शोधत राहतात आणि शेवटी ती एका कोठारातून बाहेर येते, मेलेली. तिच्या आईने मात्र मालिकेच्या शेवटापर्यंत तग धरला. मेलिसा मॅकब्राइडची कॅरल ही मालिकेची सर्वांत मोठी कमाई आहे. कोठाराचं ते दृश्य आणि चौथ्या सीझनमध्ये कॅरलला लिझी या मुलीबाबत घ्यावा लागणारा निर्णय, या तोडीचं काही कॉमिकमध्ये शोधायला गेलं तर बराच वेळ लागेल. पटकथा, अभिनय आणि कॅमेरा एकत्र आले की एखादं दृश्य कागदाच्या पुढे जाऊ शकतं, हे मला मनापासून मान्य आहे.

पण दृश्यं आणि कथा यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. कॉमिक पहिल्यापासून शेवटपर्यंत रॉबर्ट कर्कमननेच लिहिलं. पहिले सहा अंक टोनी मूरने काढले आणि सातव्यापासून शेवटपर्यंतचे सगळे चार्ली ॲडलार्डने. सोळा वर्षं, १९३ अंक, काळ्या-करड्या छटांत. या अंकांमधून एक प्रश्न सलग विणलेला आहे : कायदा नसलेल्या जगात वाढलेला मुलगा मोठा होऊन कायद्यात राहू शकेल का? कार्ल आईला गमावतो, तान्ह्या बहिणीला गमावतो, एक डोळा गमावतो. तो निगनसारख्या क्रूर माणसाशी बोलतो, त्याच्याकडे ओढला जातो आणि त्याच्यापासून लांबही राहतो. त्याच्या प्रत्येक टप्प्याला आपण हेच पाहत असतो की या मुलाचं काय होणार. ॲडलार्डची रेषा इथे फार मोलाची ठरते. तो चेहरे सुबक करत नाही. कार्लच्या चेहऱ्यावर वय चढत जातं ते आपल्याला जाणवतं, पण कधी चढलं हे दाखवता येत नाही.

या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या अंकात येतं आणि ते विलक्षण आहे. बरीच वर्षं उलटली आहेत. कार्ल आता प्रौढ आहे, त्याचं लग्न सोफियाशी झालं आहे आणि त्यांना एक मुलगी आहे. झॉम्बी इतके दुर्मीळ झाले आहेत की रिकच्या जुन्या साथीदारांचा, ग्लेन आणि मॅगीचा मुलगा हर्शेल ते पिंजऱ्यांत घालून गावोगाव दाखवत फिरतो आणि त्यावर पैसे मिळवतो. त्यातले काही सुटून कार्लच्या जागेत शिरतात, कार्ल त्यांना ठार करतो, आणि यासाठी कार्लवर खटला भरला जातो. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, असा आरोप. न्यायाधीशाच्या खुर्चीत मिशोन बसलेली असते. ज्या मुलाने जिवंत माणसाला मारलं तेव्हा त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं, त्याच मुलाला प्रेतं मारल्याबद्दल जाब द्यावा लागतो. सहाव्या अंकापासून १९३व्या अंकापर्यंतचं अंतर या एका खटल्याने मोजलं जातं. संस्कृती परत आली आहे आणि ती कार्लला थोडी मूर्ख, थोडी विसराळू वाटते, हेही कर्कमन लपवत नाही. भीती न पाहिलेल्या पिढीला भीतीचा खेळ करावासा वाटतो. हा विचार मला झॉम्बींच्या कोणत्याही हल्ल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. आणि हे सगळं कार्लच्याच बाबतीत घडायला हवं होतं, कारण त्या गोळीपासून या खटल्यापर्यंत सारं भोगलेला माणूस तोच आहे.

मालिकेत कार्ल आठव्या सीझनमध्ये, फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या भागात मरतो. त्याला झॉम्बी चावतो आणि मरताना तो बापाकडे निगनशी चाललेलं युद्ध थांबवण्याचा, त्याला माफ करण्याचा हट्ट धरतो. या बदलाने किती मोठी गोष्ट हलली ते पाहण्यासारखं आहे. कॉमिकमध्येही रिक निगनचा गळा चिरतो आणि मग त्याला वाचवून कोठडीत टाकतो. पण तिथे हा निर्णय रिकचा, विचाराने घेतलेला आहे. आपण पुन्हा समाज म्हणून जगणार असू तर शत्रूला मारण्याऐवजी कैदेत ठेवता आलं पाहिजे, असं त्याला वाटतं. गजांआडचा निगन म्हणजे परत आलेल्या कायद्याचा पहिला पुरावा. मालिकेत रिक निगनला वाचवतो ते मेलेल्या मुलाच्या शेवटच्या इच्छेखातर. प्रसंग हृदयस्पर्शी आहे, अँड्र्यू लिंकनने तो जीव ओतून केला आहे, पण कायद्याची जागा तिथे शोकाने घेतली. निगनने जिचा नवरा ग्लेन मारला त्या मॅगीला तो निर्णय अन्यायाचा वाटतो आणि मालिकेच्या चौकटीत तिचं चूक आहे असं म्हणताच येत नाही. ज्याचा नवरा निगनने मारला नाही, त्याने आपल्या दुःखाच्या नावाने त्याला अभय द्यावं, हे तिला का पटावं?

यावर एक आक्षेप वजनदार आहे. कागदावरचा मुलगा लेखकाच्या मर्जीने वाढतो, पडद्यावरचा निसर्गाच्या. मालिका सुरू झाली तेव्हा कार्ल झालेला चँडलर रिग्ज दहा-अकरा वर्षांचा होता आणि कार्ल मेला तेव्हा तो अठरा वर्षांचा झाला होता, कथेतला काळ मात्र त्या मानाने फारच थोडा पुढे सरकलेला. हे खरं आहे. पण ही अडचण सुटण्यासारखी होती, आणि कशी ते कॉमिकनेच दाखवून ठेवलं होतं. निगनशी झालेलं युद्ध संपताच कर्कमन कथा सुमारे दोन वर्षं पुढे नेतो. मालिकेनेही त्या युद्धानंतर काळाच्या उड्या घेतल्या, एक तर चांगली सहा वर्षांची. म्हणजे रिग्जच्या वयाला शोभेल असा मोठा कार्ल अगदी दारात उभा होता. त्याला मारल्यावर त्याच्या वाटणीचे प्रसंग इतरांना द्यावे लागले. लिडिया या मुलीबरोबरची कार्लची गोष्ट हेन्री नावाच्या मुलाला मिळाली, बापाचा वारसा मालिकेत जगलेल्या बहिणीकडे, ज्युडिथकडे गेला. केली फ्लेमिंगची ज्युडिथ गोड आणि धीट आहे, पण जुनं जग तिने पाहिलेलंच नाही. जे हरवलं ते परत येताना ओळखायचं तर ते आधी आठवावं लागतं, आणि कॉमिकमधल्या कार्लला ते अंधूक का होईना आठवतं.

मग मालिकेला हे का जमलं नाही? मला याचं उत्तर काळाच्या वापरात दिसतं. ग्लेनचा मृत्यू घ्या. कॉमिकमध्ये तो जुलै २०१२ च्या शंभराव्या अंकात येतो. निगन माणूस निवडतो, बॅट उगारतो आणि पुढची पानं आपल्याला ते सोसायला लावतात. सगळं एकाच अंकात. मालिकेने एप्रिल २०१६ मध्ये सहावा सीझन संपवताना बॅट पडताना दाखवली, पण ती कुणावर पडली हे लपवलं. ते कळायला प्रेक्षकांना ऑक्टोबर उजाडावा लागला. एका ठिकाणी मृत्यू हे नुकसान आहे, दुसऱ्या ठिकाणी ते कोडं आहे. कथा जितकी लांबेल तितकी वाहिनीला हवीच असते, आणि ज्या कथेला संपायचं नाही तिच्यात जग सुधारून चालत नाही. प्रत्येक वस्ती पडली पाहिजे, प्रत्येक शांतता मोडली पाहिजे. कॉमिक इमेज कॉमिक्सने प्रकाशित केलं आणि तिथे ते कधी थांबवायचं हे कर्कमनच्या हातात होतं. न संपणारा झॉम्बीपट लिहायचा या इच्छेने ज्याने सुरुवात केली, त्यानेच ही कथा संपवायला हवी हे ओळखलं.

त्याने ती फार घाईने संपवली, असं म्हणणारे वाचक आहेत. पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठं जाहीर करून त्याने शेवट लपवला, आदल्या अंकात रिकला एका उद्धट, लाडावलेल्या तरुणाच्या गोळीने मारलं आणि मग एकदम वर्षांची झेप घेतली. झेपेच्या आतल्या अनेक गोष्टी वाचायला मला आवडल्या असत्या. पण रिकचा तसा क्षुल्लक मृत्यू मला अगदी योग्य वाटतो. त्याला कुठला महाखलनायक मारत नाही. मारतो तो आपली सुखाची गादी जाईल म्हणून घाबरलेला पोरगा. गादी जाण्याची भीती वाटावी इतकं जग पुन्हा उभं राहिलेलं आहे.

मालिकेनेही अखेर सुखाचं चित्र दाखवलंच ना, असं कुणी म्हणेल. २० नोव्हेंबर २०२२ च्या शेवटच्या भागात कॉमनवेल्थ या वस्तीतली जुलमी सत्ता उलथते, वर्षभराने नवी माणसं कारभार पाहताना दिसतात. पण १७७ भागांनंतर या साऱ्याला काही मिनिटंच मिळतात. लगेच डॅरिल मोटारसायकलवरून निघून जातो, रिक आणि मिशोन अजून घरापासून दूरच असतात आणि पुढच्या मालिका ठरलेल्या असतात. जून २०२३ मध्ये 'डेड सिटी' सुरू झाली. तिच्यात मॅगीच्या मुलाला, त्याच हर्शेलला, पळवून मॅनहॅटनमध्ये नेलं आहे, आणि त्याला सोडवण्यासाठी ती नवऱ्याच्या मारेकऱ्याची, निगनची मदत मागते. कॉमिकमध्ये हा मुलगा इतका सुरक्षित वाढला की मेलेल्यांचा तमाशा मांडून त्यावर पोट भरू लागला. मालिकेत तो ओलीस ठरला, आणि त्याची आई मेलेल्यांमधून वाट काढत राहिली.