दोषदुरुस्ती अहवाल

पतसंस्थांचं लेखापरीक्षण हा माझा धंदा. दुसऱ्याच्या वहीत तीनशे रुपयांच्या खर्चाला पावती नसली की मी लाल पेनानं आक्षेप काढतो, आणि सहकार कायद्याच्या कलम ८२ खाली संस्थेकडून दोषदुरुस्ती अहवाल मागवतो. हा अहवाल माझा स्वतःचा. विषय : ग्राफिक्स कार्ड. कालावधी : २०२२च्या गणपतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंत.

आमच्या घरचा कॉम्प्युटर मुळात कुठल्याशा ऑफिसचा. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी जुनी मशीनं गठ्ठ्यानं काढून टाकतात, ती पुसून-झटकून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकली जातात. त्यातलं एक मी २०१८ साली घेतलं. आय५-४५७० प्रोसेसर, आठ जीबी रॅम, जाड पत्र्याचा काळा कॅबिनेट. एका मित्रानं आपलं उतरवलेलं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड त्यात बसवून दिलं. पुढं-पुढं दिवसा चिरंजीव ‘व्हॅलोरंट’ खेळायचे आणि रात्री जेवणं आटोपली की मी दार लोटून ‘विचर ३’. चाळिशी उलटलेला लेखापरीक्षक रात्री बारा वाजता तलवारीनं राक्षस कापतो, हे आमच्या क्षेत्रात कुणाला ठाऊक नाही. आता होईल.

गौरी जेवल्या त्या रात्री पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उमटले आणि मशीन गोठलं. दुरुस्तीवाल्यानं कार्डाला गरम हवा मारून दिली, त्यावर ते चार दिवस चाललं, मग कायमचं गेलं. “नवीनच बघा साहेब,” तो म्हणाला.

नवीन बघण्याआधी जुनं नीट बघायला हवं होतं. चार वर्षं ते कार्ड माझ्या मशीनमध्ये सुखानं नांदत होतं ते कशाच्या जोरावर, हा प्रश्नच मला पडला नाही. त्याला वेगळी वीज देणारी वायर लागत नव्हती. २०१४ सालचं ते ७५० टीआय जेमतेम ६० वॉट खाणारं; मदरबोर्डच्या ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाचच ७५ वॉटपर्यंत वीज पुरवते, त्यात त्याचं भागायचं. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून थेट वायर लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५०. माझ्या ऑफिसछाप मशीनच्या सप्लायला या दोन्ही वायरी नव्हत्या, कारण ऑफिसात एक्सेलच्या शीटा उघडायला त्या लागत नाहीत. हे सगळं पत्रा उघडून दोन मिनिटं बघितलं असतं तर दिसलं असतं. मी मोबाईल उघडला.

मोबाईलवर एका विक्रेत्याकडे जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी, कोरं करकरीत, ५,२०० रुपयांना होतं. दुकानात त्याच नावाचं कार्ड याच्या दुपटीहून महाग. एवढ्या फरकावर मी कुठल्याही संस्थेच्या सचिवाला समोर बसवून घाम फोडला असता. इथं मात्र माझा जीव दुसऱ्याच गोष्टीवर जडला होता. फोटोत कार्डाच्या पाठीला तीन सॉकेटं दिसत होती : एचडीएमआय, डीव्हीआय, आणि पंधरा भोकांचं निळं व्हीजीए. माझा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला. म्हटलं, वा! आपल्यासारख्या गरिबांची आठवण कुणी तरी ठेवली आहे.

एनव्हिडियानं २०१६ साली १० मालिकेची कार्डं आणली तेव्हा व्हीजीएला लागणारा जुना ॲनालॉग सिग्नल काढूनच टाकला. म्हणजे असल १०५० टीआयवर ते निळं सॉकेट असण्याचं कारणच नव्हतं. २०१६ सालच्या बिलावर जीएसटी नंबर छापलेला दिसला तर बिल बोगस, हे मी झोपेतही सांगेन, कारण जीएसटी आला १ जुलै २०१७ला. त्याच जातीचा पुरावा माझ्यासमोर फोटोत निळाभोर चमकत होता, आणि तोच बघून मी पैसे भरले.

कार्ड आलं, त्याला सहा पिनांची वायर लागत होती. ‘असेल बुवा जोरदार कार्ड,’ असं म्हणून मी १८० रुपयांचा एक जोड आणला : एका टोकाला हार्डडिस्कला लागणारा चपटा साटा प्लग, दुसऱ्या टोकाला सहा पिना. बसला की टचकन. जोड बसला म्हणजे हिशेब जुळला, असं मी कामावर कधीच मानत नाही. साटा प्लगच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून साडेचार अँपिअरच्या, म्हणजे ५४ वॉटच्या. सहा पिनांमधून ७५ वॉटची मागणी येऊ शकते. मधले एकवीस वॉट कुणी द्यायचे?

ते प्लगच्या प्लॅस्टिकनं दिले. तिसऱ्या दिवशी रात्री सौ. दारात येऊन म्हणाली, “अहो, कायतरी जळतंय. गॅस बंद आहे, वास तुमच्या खोलीतनंच येतोय.” पत्रा काढला. साट्याच्या प्लगची एक कड तपकिरी होऊन मऊ पडली होती, बोट लावलं तर नखाची खूण उठली. त्या प्लगला लागूनच हार्डडिस्कची वायर, आणि हार्डडिस्कवर नऊ संस्थांच्या ताळेबंदांच्या फायली. त्या रात्री माझ्या पोटात जो गोळा आला तो कुठल्या राक्षसानं आणला नव्हता. त्या संस्थांपैकी कुणालाही मी हे आजवर सांगितलेलं नाही.

एवढ्यावर शहाणा माणूस कार्ड परत पाठवतो. मी जोड बदलला आणि ड्रायव्हर टाकत बसलो. खेळ सुरू झाला की दोन मिनिटांत पडदा काळा. जुना ड्रायव्हर, नवा ड्रायव्हर, विंडोज पुन्हा टाकून बघ. दोष माझ्यात असावा अशी माझी खात्री होती, कारण विंडोज स्वतः त्या कार्डाचं नाव ‘१०५० टीआय’ असंच दाखवत होती. नवव्या दिवशी मुलानं जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम उतरवून चालवला. “बाबा, यात नावाच्या आधी कंसात ‘फेक’ लिहिलंय.”

आतली चिप होती जीएफ११६, म्हणजे २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय. नव्यात ७६८ कोअर असतात, यात १९२. कार्डावरच्या बायॉसमध्ये खोटं नाव भरलं की विंडोज तेच नाव वाचून दाखवते. ती काही चिप मोजायला जात नाही. सचिवानं लिहून दिलेली रोख शिल्लक मोजल्याशिवाय मान्य करायची नसते, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. परतीची मुदत सात दिवसांची होती. विक्रेत्याचं पान तोवर गायब झालं होतं.

तिकडे १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते ‘खोदणं’ एका दिवसात बंद पडलं. त्यासाठी लोकांनी घेतलेली ढीगभर कार्डं बाजारात आली. दिवाळीच्या सुट्टीत इचलकरंजीत एका यंत्रमागाच्या खोलीमागं एक पोरगा अशी सहा कार्डं विकतोय, असं कळलं. गेलो. लोखंडी मांडणीवर सहाही कार्डं ओळीनं टांगलेली, मागच्या भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट, आणि प्रत्येक पंख्यावर कापसाच्या तंतूंची पांढरी साय. सगळ्यांनी बजावलं होतं की खोदाईची कार्डं म्हणजे टॅक्सीत फिरवलेली गाडी. पण पोरगा सरळ होता. “काका, चोवीस तास चाललंय, खोटं कशाला बोलू. पेस्ट बदललीय. घरी लावून बघा, नाही चाललं तर आठ दिवसांत घेऊन या.” या वेळी मी तिथंच जीपीयू-झेड चालवलं. चिप खरी. आरएक्स ५७०, साडेपाच हजार रुपये.

हे कार्ड १५० वॉटचं, आठ पिनांचं. आता मी शहाणा झालो होतो. जोडबिड काही नाही, सरळ ३,४०० रुपयांचा ५५० वॉटचा नवा पॉवर सप्लाय आणला. रविवारी सकाळी आंघोळ करून, देवपूजा उरकून, स्क्रू काढायला बसलो. सप्लायची मुख्य वायर बाजारातल्या सगळ्या सप्लायना असते तशी २४ पिनांची. माझ्या मदरबोर्डवर त्या जागी सॉकेट होतं आठ पिनांचं. ऑफिसची मशीनं बनवणाऱ्या काही कंपन्या आपल्यापुरता वेगळा सांधा ठेवतात. आमचं मशीन त्यातलंच. बदलाची वायर मिळते असं कळलं, पण साट्याचा वास अजून नाकातून गेला नव्हता. शिवाय कार्ड हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला दोन बोटं अडत होतं. ते मी इचलकरंजीत मोजू शकलो असतो. पट्टी खिशातच होती.

ते कार्ड मी सहकाऱ्याच्या मुलाला पाच हजारांना दिलं. त्याच्याकडे ते आजही तक्रार न करता चालू आहे. ज्या खरेदीला सगळ्यांनी मला वेड्यात काढलं तेवढी एकच माझी पारख बरोबर ठरली. चूक फक्त ते माझ्या पेटीत घालायची होती.

डिसेंबरात दुकानात गेलो. ऑनलाइन नाही, दुकानात. दुकानदारानं आरएक्स ६५०० एक्सटी पुढं केलं. त्याच वर्षी आलेलं, १०७ वॉटचं. “लेटेस्ट आहे साहेब, पैशाला वसूल.” सहा पिनांची वायर लागते एवढ्या एकाच कारणावर मी नाही म्हटलं. नंतर कळलं की ते कार्ड मदरबोर्डशी फक्त चार लेनमधून बोलतं. नव्या, चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते खपून जातं; माझ्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेनचा वेगही निम्मा झाला असता. या बचावाचं श्रेय मी घेत नाही, ते जळक्या प्लगचं.

शेवटी जीटीएक्स १६५० घेतलं. ७५ वॉट, चार जीबी, २०१९ सालचं. तिथंही एक फट होती : याच नावाच्या काही मॉडेलांचा वेग कंपनीनं थोडा वाढवलेला असतो, त्यांना सहा पिनांचं सॉकेट असतं. मी दुकानदाराला खोकं उघडायला लावलं, कार्डाच्या चारही कडांवरून बोट फिरवलं आणि मगच १४,६०० रुपये दिले. “इतकं बघून कुणी घेत नाही ओ,” तो म्हणाला.

घरी व्हीजीए आठवलं. ३५० रुपयांचा कन्व्हर्टर. मग मॉनिटरच्या मागची चिठ्ठी पहिल्यांदा वाचली : १३६६ गुणिले ७६८. चार महिने मी ज्या तुलना चवीनं वाचत होतो त्या सगळ्या १९२० गुणिले १०८० वरच्या, म्हणजे वीस लाख बिंदूंच्या. माझ्या पडद्यावर बिंदू साडेदहा लाख, जवळपास निम्मे. मी निम्म्या शेताला पुऱ्या शेताचं बी विकत घेत फिरत होतो.

‘विचर’ मात्र छान पळायला लागला. १४ डिसेंबरला त्याची मोठी सुधारित आवृत्ती आली, तिनं दोन रात्री रडवलं. सुरू करताना डायरेक्टएक्स ११ निवडलं आणि गाडी रुळावर आली. पण चिरंजीवांचं ‘व्हॅलोरंट’ होतं तसंच अडखळत होतं. तो खेळ कार्डापेक्षा प्रोसेसर आणि रॅमवर जास्त चालतो. आमची आठ जीबी रॅम एकाच पट्टीत होती आणि शेजारची खाच रिकामी. दुसरी आठ जीबीची जुनी पट्टी ११०० रुपयांना मिळाली. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसरला एकीऐवजी दोन वाटांनी माल मिळतो. संक्रांतीच्या दिवशी ती बसवली. “बाबा, हे आधी का नाही केलं?” असं त्यानं विचारलं, आणि मी त्याला तिळगूळ दिला.

आता आकडे. एकूण खर्च ३०,३३० रुपये, वजा कार्ड विकून आलेले ५,०००, निव्वळ २५,३३०. खरी गरज कार्ड, कन्व्हर्टर आणि रॅमची, म्हणजे १६,०५०. फरक ९,२८० रुपये. सौ.च्या वहीत हा आकडा ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ या शीर्षाखाली आहे आणि त्यावर अजून आक्षेप निघालेला नाही.

खोटं कार्ड मी टेबलावर ठेवलंय, शिकाऊ पोरांना दाखवायला. ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, एकदाही वीज न लावलेला, माळ्यावर गव्हाच्या डब्यामागं आहे. सांगली-मिरजेत कुणाला हवा असेल तर निम्म्या किमतीत देईन. येताना आपल्या मदरबोर्डवरच्या पिना तेवढ्या मोजून या.