टाइपरायटर दुरुस्त करणारा माणूस

आम्ही साहित्याची मुलं जिथेतिथे शोकांतिका शोधतो, असं माझा इंजिनिअर दादा म्हणतो. कमोडोर ही अमेरिकन संगणक कंपनी का बुडाली यावर आमचा वाद झाला, तेव्हाही तो हेच म्हणाला. त्याच्या मते आयबीएमच्या धर्तीचे पीसी स्वस्त झाले, विषय संपला. मला त्यात माणसं दिसतात.

जॅक ट्रॅमिएल हा पोलंडमधला ज्यू. आउश्वित्झमधून वाचला, १९४७ साली अमेरिकेत आला, पुढे टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान काढलं. कमोडोर त्यातूनच उभी राहिली. ती कॅल्क्युलेटर विकायची, चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून घ्यायची. मग त्या कंपनीनेच स्वतःचे कॅल्क्युलेटर इतके स्वस्त आणले की कमोडोर बुडायच्या बेतात आली. ट्रॅमिएलने काय करावं? १९७६ साली चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनीच विकत घेतली! म्हणून १९८२ मध्ये ५९५ डॉलरला आणलेला कमोडोर ६४ वर्षभरात दोनशेच्या आसपास विकणं त्याला परवडलं. ऑक्टोबर १९८३ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घरगुती संगणकांचा धंदाच सोडला.

पण ज्या दुकानदारांनी जुन्या भावाने माल भरला होता, त्यांचं काय? आमचंही छोटं दुकान आहे. भाव उतरल्यावर अंगावर पडलेला माल म्हणजे काय, ते मी पप्पांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. त्यामुळे ट्रॅमिएलचं कौतुक वाटतं आणि रागही येतो, दोन्ही एकदम.

जानेवारी १९८४. कंपनी जोरात असताना अध्यक्ष अर्व्हिंग गूल्डशी त्याचं बिनसलं आणि तो बाहेर पडला. सहा महिन्यांत त्याने अटारीचा घरगुती संगणकांचा विभाग घेतला, म्हणजे घरचाच माणूस समोर उभा. त्याच वर्षी कमोडोरने अमिगा विकत घेतली. १९८५ साली ४०९६ रंग दाखवणारं, एकाच वेळी अनेक कामं करणारं यंत्र! ते खेळायला विकायचं की ऑफिसात, हेच वरच्यांना धड ठरवता आलं नाही. थॉमस रॅटिगनने कंपनी पुन्हा नफ्यात आणली, तर १९८७ मध्ये गूल्डने त्यालाच काढलं. एप्रिल १९९४ मध्ये दिवाळं.

दादा म्हणतो, ट्रॅमिएल राहिला असता तरी पीसीपुढे टिकला नसता. त्याची अटारीसुद्धा १९९६ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झालीच ना? मुद्दा बरोबर आहे. पण रॅटिगनला काढायला आयबीएमने सांगितलं नव्हतं, एवढं मी त्याला म्हटलं. त्यावर तो अजून काही बोललेला नाही.