ट्रंबुलच्या कोपऱ्यावरचा फ्रँकी

इतकी वर्षं डेट्रॉइटच्या परिसरात काढूनही बेसबॉल मला धड कळत नाही. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला त्यातला षटकार तेवढा ओळखता येतो, बाकी सगळी पळापळ. तरी १९९९च्या उन्हाळ्यात मी टायगर स्टेडियमवर गेलो, कारण आमच्या डाय-शॉपमधला एक म्हातारा टूलमेकर ऐकेनाच. मिशिगन आणि ट्रंबुल या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं ते मैदान त्या सप्टेंबरात कायमचं बंद होणार होतं. तिथे सामना न बघता तू डेट्रॉइटला राहिलास असं सांगूच नकोस, असं त्याचं म्हणणं. चिंचवडहून येऊन मला फार काळ झाला नव्हता. निमूट गेलो.

लोखंडी खांबाच्या आड जागा मिळाली होती. वरचा मजला खालच्या प्रेक्षकांच्या डोक्यावर इतका पुढे आलेला की आवाज बाहेर जायला वाट नाही. डेट्रॉइटच्या टायगर्स संघातल्या कुणीतरी चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला आणि जो कल्लोळ उठला, तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला. तो ओसरल्यावर म्हातारा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “या मैदानाजवळ एक पोरगा राहायचा. टायटॅनिकवरून वाचलेला. हा आवाज त्याला आयुष्यभर सोसला नाही.” मग जरा थांबून, “बाप त्याचा आपल्याच धंद्यातला होता.”

या शेवटच्या वाक्यानं मी अडकलो. टायटॅनिकचा सिनेमा तेव्हा नुकताच येऊन गेलेला, त्यातले हिरे आणि जिने सगळ्यांना पाठ. यंत्रकामाच्या जोरावर डेट्रॉइट गाठायला निघालेला कारागीर त्यात मला कुठे दिसला नव्हता. पुढच्या हिवाळ्यात वाचनालयातून पुस्तकं आणत गेलो. त्यात त्या पोराचं स्वतःचंही होतं, ‘एकोज इन द नाइट’, त्याच्या मृत्यूनंतर १९९१ साली निघालेलं.

फ्रँक गोल्डस्मिथ, वय नऊ. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं स्ट्रूड हे त्याचं गाव. धाकटा भाऊ १९११च्या अखेरीस घटसर्पानं गेला. आईची, एमिलीची, नातेवाईक मंडळी डेट्रॉइटला होती. फोर्डचा हायलंड पार्कचा कारखाना १९१०मध्ये सुरू झालेला, मोटारीचा धंदा रोज नवे हात मागत होता. कुशल माणसानं तिकडे जावं यात नवल काहीच नाही. मीही त्याच कारणानं आलो. मला कंपनीनं विमानाचं तिकीट दिलं, त्यांनी तिघांचं मिळून साडेवीस पौंडांचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं, एवढाच फरक. १० एप्रिल १९१२ला ते साउथॅम्प्टनहून निघाले. बरोबर ओळखीतले दोघे होते: थॉमस थिओबाल्ड आणि आल्फ्रेड रश नावाचा मुलगा.

पहिले चार दिवस फ्रँकीचे मजेत गेले. तिसऱ्या वर्गातल्या समवयस्क पोरांची टोळी जमली. सामान चढवायच्या क्रेनवर चढायचं, लोंबकळायचं, हात ग्रीसनं काळेकुट्ट करून घ्यायचे. खाली भट्ट्यांपाशी कोळसा ओढणाऱ्या खलाशांना डोकावून बघायचं, ते गाणी म्हणायचे ती ऐकायची. सिनेमात दाखवतात त्या नाचापेक्षा मला हे काळे हात जास्त खरे वाटतात.

१४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनग घासला. जहाजावर सुमारे २,२०० माणसं. जीवरक्षक होड्या वीस, त्यांत जागा ११७८. हिशेब सरळ होता. गोल्डस्मिथ कुटुंब पोचलं ते ‘कोलॅप्सिबल सी’ या शेवटच्या काही होड्यांपैकी एकीजवळ. खलाशांनी कडं केलेलं, आत फक्त बायका आणि मुलं. बापानं फ्रँकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ‘पुन्हा भेटू’ अशा अर्थाचं दोन शब्दांत बोलला, जणू कामावर निघालाय. थिओबाल्डनं बोटातली लग्नाची अंगठी काढून एमिलीच्या हाती दिली: मी नाही आलो तर बायकोला पोचव. ती तिनं पोचवली. रश नुकताच सोळाचा झालेला, अंगानं किरकोळ. लहान मूल म्हणून सहज खपला असता. एका खलाशानं ओढलाही त्याला. त्यानं हात सोडवून घेतला आणि मी पुरुषांबरोबरच थांबणार म्हणाला. याच होडीत जहाजकंपनीचा अध्यक्ष ब्रूस इस्मे चढला आणि वाचला. तेव्हा जवळपास आणखी बायका-मुलं उरली नव्हती, असं त्यानं चौकशीत सांगितलं. असेलही. मला मात्र त्याचं नाव वाचलं की तो सोळा वर्षांचा पोरगा आठवतो.

२ वाजून २० मिनिटांनी जहाज बुडालं. पाणी उणे दोन अंशांच्या आसपास. बुडून मेले त्याहून कितीतरी जास्त गारठून मेले; म्हणजे शेकडो माणसं अंधारात तरंगत ओरडत राहिली. होडीतल्या लोकांना ती दिसत नव्हती, ऐकू येत होती. वेगवेगळे आवाज नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच. मग तो हळूहळू विरळ होत गेला.

सकाळी ‘कार्पेथिया’ जहाजानं त्यांना उचललं. एमिली रडत बसली नाही. कापडाला हात घातला. रात्रीच्या कपड्यांत निघालेल्या बायकांसाठी, पोरांसाठी तिनं घोंगड्यांचे कपडे शिवायला घेतले. फ्रँकीला सांभाळलं टायटॅनिकच्याच एका भट्टीवाल्यानं, सॅम्युअल कॉलिन्सनं. तुझा बाप तुझ्याआधी न्यूयॉर्कला पोचला असेल, अशी त्यानं समजूत घातली. मग तुला मानाचा खलाशी करतो म्हणून पाणी, व्हिनेगर आणि त्यात अख्खं कच्चं अंडं असा पेला पुढे केला. पोरानं एका दमात रिचवला आणि त्या क्षणापासून स्वतःला जहाजाचा माणूस समजू लागला. या कॉलिन्सला कुणी समुपदेशनाचं शिक्षण दिलं नव्हतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला त्या दिवशी नेमकं काय लागेल हे त्याला कळलं होतं.

तिसऱ्या वर्गातली ७९ मुलं होती, त्यातली २७ वाचली. क्रेनवर लोंबकळणाऱ्या त्या टोळीतलेही बहुतेक गेले.

न्यूयॉर्कहून पुढे जायला साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेनं मदत केली आणि मायलेक डेट्रॉइटला आले. वर्तमानपत्रांच्या लेखी गोष्ट इथे संपली: वाचले, पोचले. फ्रँकीची इथून सुरू झाली. टायगर्सचं नवं मैदान, तेव्हाचं नेव्हिन फील्ड, उघडलं तेच २० एप्रिल १९१२ला, म्हणजे जहाज बुडून पाच दिवस होत होते. आणि यांनी बिऱ्हाड थाटलं ते त्याच्या जवळपास. टायगर्सचा नामवंत खेळाडू टाय कॉब याच्या जमान्यात त्या कोपऱ्यावर राहायला मिळणं म्हणजे दुसऱ्या कुठल्याही पोराची चंगळ. याला प्रत्येक मोठ्या फटक्यासरशी पंधरा-वीस हजारांचा एकच आवाज भिंतीतून आत यायचा, आणि तो त्याच्या ओळखीचा होता. बाप गेला हे तर त्यानं कितीतरी वर्षं मान्य केलं नाही. दुसऱ्या कुठल्या जहाजानं उचललं असेल, एक दिवस दारातून आत येईल, असं तो स्वतःला सांगत राहिला.

हे वाचताना माझ्यापुढे अण्णा होते. माझे थोरले चुलते. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. गिरणीत असलेले आजोबा दहा वर्षांच्या अण्णांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाले, ‘रामदास’ बोटीनं. काश्याच्या खडकाजवळ लाटेनं बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांच्या मचव्यांनी काहींना वर ओढलं, त्यात अण्णा. आजोबा सापडले नाहीत. आजीनं वर्षभर कुंकू पुसलं नाही, भाऊबंद काय म्हणतात याची पर्वा न करता. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि ती बातमी मागे पडली. अण्णा मुंबईत शिकले, नोकरीला लागले, पण चौलला घरी यायचे ते एसटीनं. आम्ही पोरं लाँचनं मजेत यायचो आणि अण्णांना बोट लागते अशी आमची समजूत होती. फ्रँकीचं पुस्तक मिटल्यावर ती समजूत गेली.

फ्रँक गोल्डस्मिथ मोठा झाला, लग्न केलं, तीन मुलगे झाले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी फोटोग्राफी केली, मग ओहायोतल्या मॅन्सफिल्डला फोटोच्या सामानाचं दुकान टाकलं. टायटॅनिकबद्दल पुढे बोललाही, लिहिलंही. मुलांना मात्र बेसबॉलच्या सामन्याला कधी नेलं नाही. अमेरिकेत हे फार खटकणारं आहे. आपल्याकडच्या बापानं घरात क्रिकेट लावू न देण्यासारखं. १९८२च्या जानेवारीत तो गेला आणि एप्रिलमध्ये त्याची रक्षा टायटॅनिक बुडालं त्या जागेवर समुद्रात सोडली. बुडालेलं जहाज तेव्हा सापडलंही नव्हतं. ते १९८५ला सापडलं.

टायगर स्टेडियम पुढे पाडलं. तिथे आता मुलांच्या सामन्यांसाठी मैदान आहे. आमच्या मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणी खेळल्या तेव्हा गेलो होतो. पालक शंभरेक, ओरडा बेताचाच. तिला फ्रँकीची गोष्ट सांगितली, तर तिनं विचारलं, “मग ते लोक घर बदलून दुसरीकडे का नाही गेले?” बाप नसलेल्या घराला ते परवडायला हवं ना, म्हटलं.

२०२०ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. पुढे मी गावी गेलो तेव्हा चुलतभावानं अण्णांना गळ घातली: गाडीसकट जायचं, मोठी बोट, तासाभरात पलीकडे. पंच्याऐंशीचे अण्णा तिकीट नीट वाचून म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं. मला पनवेलचा रस्ताच बरा.” आम्ही मांडव्याला उतरून, चौलला जेवून, झोप काढून उठलो तरी अण्णांचा पत्ता नव्हता. वडखळच्या कोंडीत एसटी दोन तास अडकलेली. संध्याकाळी आले ते सरकारला, रस्त्याला आणि कंडक्टरला शिव्या घालतच.