भांडी लपवू नका

नादारीत घरातलं काय वाचतं यावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला आणि मला औसा तालुक्यातला एक शिंपी आठवला. नांदेड-लातूरच्या न्यायालयांत मी वर्षानुवर्षं वसुलीचे दावे लढवतो, पण त्याचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

मुलीचं लग्न, दुकानाचं भाडं, त्यावर चढतं व्याज. शेवटी त्यानं नादारीचा अर्ज केला. जप्तीच्या धास्तीनं आदल्या रात्री भांडी, गाद्या आणि दोन शिलाई मशिनी मेहुण्याच्या टेम्पोतून हलवल्या. मालमत्तेच्या यादीत त्यांचा उल्लेखच नव्हता. उलटतपासणीत प्रश्न आला, "मशिनी कुठं आहेत?" तो गप्प राहिला. त्यानंतर त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कुणाचा विश्वास उरला नाही.

त्यानं लपवलं ते मुळात जप्त होणारच नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ६०: कर्जदाराचे, बायकोचे, मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं आणि तो राहतो ते घर. शिवाय पोटापुरतं कमावण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरं आणि बी-बियाणं. नादारीच्या कायद्यानंही हीच सूट मानली आहे. मात्र वस्तू तारण ठेवून कर्ज काढलं असेल, तर ही ढाल तिथं टिकत नाही.

इथं माझा जुना वाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. या कलमात बैल बसतो. ट्रॅक्टर बसतो का? कायदा लिहिला गेला तेव्हा आपल्या शिवारात ट्रॅक्टर नव्हता. आज सोयाबीनची पेरणी बैलांवर किती जण करतात? कर्ज फिटलेला जुना ट्रॅक्टर हे अवजारच आहे, असं माझं ठाम मत आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनं व्यवसायाला लागणाऱ्या तारणमुक्त वाहनाला सूट दिली, पण तिचा तो भाग अजून तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य कर्जदारांना लागूच झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना तो लागू आहे, शेतकऱ्याला नाही. हे मला खुपतं.

लोक म्हणतात, "सही करून दिलीय साहेब, आता काय उरलं?" कलम ६० मधली सूट सोडून देण्याचा करार रद्दबातल असतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला तरी. घरात जप्ती करायची तर न्यायालयाचा हुकूम घेऊन बेलिफ येतो, तोही सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरात शिरू शकत नाही. वसुलीवाल्याकडे असा कुठलाच हुकूम नसतो. तरी गावोगाव बाया त्यालाच घाबरून मंगळसूत्र काढून देतात, आणि ते ऐकताना मला दरवेळी हरल्यासारखं वाटतं.

आता पक्षकार आला की मी आधी त्याच्या बायकोलाही बोलावतो. तवा, परात, कुकर, मशीन, सगळं तिच्याकडून लिहून घेतो आणि यादीत टाकतो. लपवलेल्या वस्तूपेक्षा लिहिलेली वस्तू सुरक्षित असते, हे एवढंच मी आता पहिल्या भेटीत सांगतो. त्या शिंप्याला हे मी वेळेवर सांगितलं नव्हतं. तो सध्या दुसऱ्याच्या दुकानात नगावर शिवतो.